कॅरिबू मोजणारे कारकून

साठ सालच्या सुमारास हॅम्बर्गच्या आमच्या प्राणी-संशोधन संस्थेत एक कारकून होते. विमानातून काढलेल्या फोटोंवर भिंग धरून ते ध्रुवाकडची कॅरिबू हरणं आणि केसाळ मस्क-बैल मोजायचे. प्रत्यक्षात त्यांनी एकही पाहिलेला नव्हता. कॅरिबू घटले की हे स्वतः जेवायचे नाहीत, मस्क-बैल वाढले की सगळ्यांना केक. "आल्झो, म्हणजे बघा, संकटात हे बैल पळत नाहीत. वासरांना मध्ये घेऊन गोल करतात," हे त्यांचं रोजचंच.

एकदा आगीचा भोंगा वाजला. त्यांनी आम्हाला अंगणात हाकललं, प्रोफेसरांसकट सगळ्यांना बाहेर तोंड करून गोल उभं केलं आणि नवा म्हणून मला मध्ये ढकललं. मी बत्तीस वर्षांचा, चांगला मिशीवाला. तरी हलावंसं वाटेना. भर पावसात त्यांनी बोटानं मोजलं आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "वासरू धरून बारा. घट नाही."