कुकरातली वाळू

कुठलीही वस्तू टाकून द्यायची म्हटली की सविता आधी ती उलटी करून बघायची. फाटकी पँट असो, तेलाचा रिकामा डबा असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची पत्रिका. उलटी करायची, उजेडाला धरायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. अजून जीव हाय हिच्यात." बाळूच्या कंपनीच्या जुन्या पँटी कापून तिने दारातली पायपुसणी केली. पत्रिका चिकटवून आकाशकंदील केला. आत बल्ब लागला की त्यावर अख्ख्या भावकीची नावं उजळायची.

सविता माझी सून. बाळूची बायको.

मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत. पण केडगावात पुणे रोडच्या दोन्ही अंगांना जी जुनी घरं आहेत त्यातल्या कितीतरी भिंती माझ्या हातच्या आहेत आणि त्यातली एक तिरकी दाखवा. भिंत ओळंब्यातून जरा सुटली की मी एकच सांगायचो, "पाडा. परत बांधा." मालक शेजारी उभा असला तरी. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत.

आमच्या घरात कुणाला बसायला वेळ नव्हता. बाळू कंपनीत, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. सविता मसाल्याच्या पॅकिंगला जायची, येताना अंगाला मिरचीचा वास घेऊन यायची. नात तनू शाळेत. म्हातारी, म्हणजे माझी बायको, दोन्ही गुडघ्यांनी गेलेली. आणि मी, काम सुटल्यापासून, दारापुढच्या ओट्यावर. एवढ्या धावपळीतून सविता डबे करायची, धुणीभांडी उरकायची आणि वर हाताने काहीतरी बनवत राहायची. विकत काही आणू म्हटलं की तिचं ठरलेलं, "आधी घरात काय हाय ते बघू."

नवीन लग्न होऊन आली तेव्हा माझ्या कामावरच्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या परसात पडल्या होत्या. तिने त्या धुतल्या, उलट्या केल्या आणि बाजाराच्या पिशव्या शिवल्या. मला ते खपलं नाही.

"लोक काय म्हनतील? गवंड्याच्या घरात एक पिशवी मिळंना?"

"गवंड्याचं घर हाय म्हनतील. खोटं हाय का आबा?"

मी त्या पिशवीला हात लावला नाही. ती मात्र दर आठवड्याला तीच पिशवी घेऊन बाजाराला गेली. घरात हट्टी मी एकटाच नव्हतो.

केकचंही तसंच. तनूच्या वर्गात कुणाच्या तरी वाढदिवसाला दुकानातला केक आला आणि पोरगी तोंड पाडून घरी आली. सविता म्हणाली, आधी घरात काय हाय ते बघू. रवा होता, दही होतं, साखर होती. माळ्यावर शिट्टी हरवलेला जुना कुकर होता. मग ती ओट्यावर माझ्याकडे आली.

"आबा, वाळू पायजे. बारीक चाळलेली."

"कशाला? भिंत बांधतीस का?"

"केक बांधती."

वाळू मी चाळून दिली, आणि चाळायची ती नीटच. तिने ती धुऊन उन्हात वाळवली, कुकरच्या तळाला पसरली. त्यावर ताटली, ताटलीवर तूप लावलेला डबा, डब्यात रवा-दह्याचं कालवण. झाकणाला रिंग नाही, शिट्टी नाही, गॅस अगदी बारीक. घरभर वास सुटला म्हणून सगळे म्हणाले. मला तो आला नाही. जन्मभर सिमेंट, चुना आणि तंबाखू. माझं नाक कधीच कामातून गेलं होतं.

मी म्हटलं, "केक आपला पदार्थ न्हाई. मी खानार न्हाई."

"मग वडी म्हना."

वडी म्हणून मी दोन तुकडे खाल्ले.

ती मूळची अकोले तालुक्यातली, भाताच्या गावातली. आई लहानपणीच गेली. बापाने दुसरं केलं आणि हिला मामाकडे पाठवलं, शनीच्या शिंगणापूरला. मामाचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. तिथे ही रुईच्या माळा ओवायची. एकदाच त्याबद्दल बोलली, वाती वळता वळता. म्हणाली, "मामानं मारलं न्हाई, उपाशी ठेवलं न्हाई. खोटं कशाला बोलू? पन आबा, त्या गावात घराला दार नसतं, तरी मी लग्न हुईस्तोवर बाहेरचीच हुते." मग वातींचा जुडगा उचलून आत गेली. परत तो विषय नाही.

मागच्या साली तिच्या पोटात दुखायला लागलं. कामाने दुखतंय, म्हणाली. मसाल्याने दुखतंय, म्हणाली. नगरला दाखवलं, मग पुण्याला नेलं. गाठ होती आणि ती फार पुढे गेली होती. डॉक्टर बाळूशी इंग्रजीत बोलले, बाळू रडला, त्यावरून मला कळलं. सविता रडली नाही. घरी आली, आठ-पंधरा दिवस नेहमीचं काम करत राहिली. मग एक दिवस भर दुपारी ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसली.

"आबा, तुमाला केक शिकायचाय."

"मला? डोक्याला काय झालं का तुझ्या?"

"डोक्याला न्हाई. पोटाला झालंय."

मी तंबाखू थुंकून आलो. ती तिथेच बसून होती.

"मी गेल्यावर तेराव्याला माझा मामा यील," ती म्हणाली. "चांगल्या मनानंच यील. म्हनंल, पोरगी आमी नेतो. ह्यांचा सोभाव मऊ हाय. कुनी दोनदा म्हनलं की व्हय म्हनून बसतील. माझी तनू तिथं वाढाया नको. कुटंच बाहेर नको. ह्याच घरात पायजे."

"मग बाळूला सांग तसं."

"सांगितलंय. पन मऊ मानूस सगळ्यांचंच ऐकतं, माझं बी ऐकलं, त्यांचं बी ऐकंल. मी आधी घरात काय हाय ते बघितलं आबा. घरात तुमी हाय. तुमी कुनाचं ऐकत न्हाई. मला त्येच पायजे."

जन्मभर ज्या गोष्टीपायी माणसं माझ्या नावाने बोटं मोडत आली, ती गोष्ट कुणाला तरी हवी होती. ती पुढे म्हणाली, "पन नुसतं न्हाई म्हनून भागनार न्हाई. ते इचारतील, पोरीचं करनार कोन? तवा हातात काईतरी पायजे."

आणि मग तिने मला कामाला लावलं.

केक हे निमित्त होतं. पोरीचा डबा, तिचे कपडे, तिची वेणी, शाळेतून हाताने करून मागतात ती कागदाची फुलं आणि कापसाचे ढग, सगळं. वेणी मी परांची बांधायच्या काथ्यावर शिकलो. काथ्या खिडकीच्या गजाला बांधून तीन पदर करायचे. ती खाटेवरून बघायची. "उकला. परत घाला." माझीच भाषा मला. बोटं जाड, चिरलेली. तनूच्या केसावर आलो तेव्हा केस भेगांत अडकायचे आणि पोरगी ओरडायची. सविताने मला हाताला खोबरेल लावायला लावलं.

केकचा माल मी कालवला तेव्हा तिने विचारलं, "कसा झालाय?"

"गिलाव्यासारखा."

"त्याच्यापरीस ढिला करा. गिलावा भिंतीला चिकटायचा असतो, ह्यो निघायचा असतो."

पहिला मी जाळला. बारीक गॅसवर एवढा वेळ कोण थांबतंय म्हणून आच वाढवली. तिने तो फेकू दिला नाही. जळका तळ खरवडला, राहिलेल्याचा चुरा केला, दुधात भिजवून दुसऱ्या दिवशीच्या मालात घातला. "तुमची पडलेली भिंत हाय," म्हणाली, "इटा चांगल्या हायेत."

चांगलं झालं, असं तोंडाने एकदाही म्हणाली नाही. म्हातारी म्हणायची, "अगं, कौतुक कर की जरा म्हाताऱ्याचं." तर म्हणे, "कौतुक केलं तर थांबतील."

पुढे ती खाटेवरून उठेना. अन्न जाईना, पाणी उतरेना. पण नाक शाबूत होतं. मला वास येत नाही हे तिला ठाऊक. म्हणून मी स्वयंपाकघरात कुकरपाशी उभा आणि ती आतल्या खोलीत पडलेली. वास पुरा झाला की आतून आवाज यायचा, "काढा आबा, झाला." मग मी गॅस बंद करायचा. आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला, पण वेळ चुकली नाही. सुरी घालून बघायची मला कधी गरज पडली नाही.

एका सकाळी असाच उभा होतो. बाळू कामावर, तनू शाळेत, म्हातारी अंगणात उन्हाला बसलेली. मी वाट बघत होतो. आतून काही येईना. म्हटलं, अजून व्हायचा असेल. आणखी थांबलो. मग झाकणाच्या कडेने धूर निघायला लागला आणि अंगणातून म्हातारी ओरडली, "अवो, काय जाळताय?"

मी आत गेलो. सविताचे डोळे उघडे होते, श्वास चालू होता. मला बघत नव्हती. त्यानंतर ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

तेराव्याला मामा आला. ती म्हणाली होती तसाच, चांगल्या मनाने. तनूला नवा ड्रेस घेऊन आला. माणसं जेवून उठली, कुणाकुणाचे हात धुवायचेही राहिले होते, तेवढ्यात त्याने मांडवात विषय काढला.

"आबा, पोरगी आमी नेतो. आमच्या सुना हायेत, पोरीबाळी हायेत, त्यात ही बी वाढंल."

भावकीतला एक जण लगेच म्हणाला, "बराबर हाय. बाळूचं वय हाय अजून. उद्या दुसरं करायचं म्हनलं तर पोर मधी नको."

सगळे बाळूकडे बघायला लागले. बाळू खाली मान घालून म्हणाला, "तुमी ठरवाल ते."

"न्हाई," मी म्हणालो.

"अवो आबा, घरात चालती बाई न्हाई. पोरीची येनीफनी कोन करनार?"

"मी."

मागे कुणीतरी हसलं. मी तनूला हाक मारली. ती आली. मी तिला पुढ्यात पाठमोरी बसवली, खिशातली खोबरेलाची बाटली काढली, हाताला लावली, आणि भर मांडवात, सगळ्या बाप्यांच्या समोर, तिचे केस सोडले. भांग पाडला, दोन्ही अंगांना तीन-तीन पदर घेतले, खालपर्यंत वेणी आणली, रिबिनीने वर बांधली. दोन्ही वेण्या ओळंब्यात होत्या.

मामा हळू आवाजात म्हणाला, "आन् शानी झाल्यावर, न्हातीधुती झाल्यावर? तवा काय करशाल आबा?"

हे सविताने मला शिकवलं नव्हतं. तेवढ्यात दारात बसलेली म्हातारी बोलली, "माझं गुडघं गेल्यात, तोंड न्हाई गेलं. मी सांगीन तिला."

"ऐकलं?" मी म्हणालो. "मानसानं आधी घरात काय हाय ते बघावं."

मामाने पिशवी उचलली. जाताना तनूच्या डोक्यावर हात ठेवला, ड्रेस ठेवून गेला. वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या मोटारसायकलचा आवाज रोडला लागेपर्यंत मी तनूचं मनगट सोडलं नाही.

चार महिन्यांनी पोरीचा वाढदिवस आला. म्हातारी म्हणाली, वर्षाच्या आत केकबिक नको. मी म्हटलं, "केक न्हाई, वडी हाय." रवा होता, दही होतं. कुकरातली वाळू तीच, काळी पडलेली. मी माल कालवला, गॅस बारीक केला आणि उभा राहिलो. आतल्या खोलीत आता खाट नाही. तनू तिथे भिंतीला टेकून कागदाची फुलं कापत होती, कात्रीचा आवाज येत होता. मला वास येत नव्हता. किती वेळ गेला कळेना. सुरी घ्यावी म्हणून वळलो, तर कात्री थांबली.

"काढा आबा," ती म्हणाली. "झाला."

मी गॅस बंद केला. पण झाकण उघडायला मला जरा वेळ लागला, त्यामुळे तापल्या वाळूवर केक खालून लागला. फेकला नाही.