साडूची आखूड पँट

बारीकराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. अंगानेही तो बारीक नव्हता, चांगला गरगरीत होता. नाव पडलं ते स्वभावावरून. दुकानातल्या शिलाई मशिनांखाली पडलेले दोऱ्याचे तुकडे संध्याकाळी वाकून वाकून वेचणारा तो एकटाच. बोटभर तुकडाही बटणाला चालतो, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाईक कपडे घालून बघायला पडद्याआड गेलं की हा पठ्ठ्या पंखा बंद करायचा आणि घामाने निथळणाऱ्या माणसाला आरशासमोर उभं करून विचारायचा, "कसं, झकास बसलंय की नाही?" शर्टाबरोबर एक जादा बटण द्यायची दुकानाची पद्धत होती. बारीकराव ती बटणं स्वतःच्या डब्यात टाकायचा. "गिऱ्हाईक हरवूनच टाकणार. मग आपणच जपून ठेवलं तर काय बिघडलं?"

दुकान त्याच्या सासऱ्यांचं. त्यांना सगळे मास्तर म्हणत, घरचेसुद्धा. मास्तरांना दोन मुली, दोघींचे नवरे शिंपी, आणि दोघेही जावई याच दुकानात मशिनीवर बसलेले. थोरला बारीकराव. धाकटा त्याचा साडू. साडूला टोपणनाव पडलं नव्हतं, आणि हेही बारीकरावाच्या डोळ्यांत सलत असे.

कारण साडूही पैसा सोडत नव्हता. बारीकरावाने त्याच्यावर बारीक नजर ठेवली होती, म्हणून त्याला पक्कं ठाऊक होतं. साडूच्या शर्टाची कॉलर झिजली की तो ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवायचा. छत्री तर इतक्या वेळा दुरुस्त केलेली की मूळचा दांडा तेवढा शिल्लक असावा. दुकानाला चालत यायचा, चालत जायचा. बाहेरचा चहा प्यायचा नाही. बारीकरावही चालत यायचा. आणि चहाचं म्हणाल तर त्याने आयुष्यात स्वतःच्या पैशाने चहा मागवला नव्हता, दुसऱ्या कुणी मागवला तरच तो प्यायचा, तोही बशीच्या तळापर्यंत. साडू मात्र स्वतः घ्यायचा नाही आणि कुणी दमूनभागून आलं तर त्याच्यासाठी मागवायचा. बारीकरावाला यात शहाणपण दिसत नव्हतं. वाचवायचं आणि वर घालवायचं, म्हणजे नळ बंद करून बादली पालथी करण्यासारखंच की!

आणि तरी कौतुक कुणाचं? साडूचं. सासूबाई म्हणायच्या, "धाकटे किती संसारी!" मेहुणी आपल्या नवऱ्याचा विषय निघाला की फुलून यायची. बारीकरावाची स्वतःची बायको एकदा बोलून गेली, "भाऊजींकडून शिका जरा." त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. गेलं नाही म्हणजे नेहमीपेक्षा थोडं कमी गेलं.

खरा घाव बसला तो शाळेतल्या बाईंमुळे. या बाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. एकदा मैत्रिणीला घेऊन आल्या. बारीकराव पडद्यामागे आरसा पुसत होता, हे त्यांना दिसलं नाही. मैत्रिणीने हळूच विचारलं, "दोघांतल्या कुणाकडे देऊ गं?" बाई म्हणाल्या, "धाकट्याकडे दे. तो काटकसरी आहे. थोरला चिक्कू."

बारीकरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो वाचवतो ती काटकसर आणि मी वाचवतो तो चिक्कूपणा? हा कुठला न्याय? तो बराच वेळ पडद्याआडच उभा राहिला, हातातलं फडकं पिळत. फडकं कोरडं होतं.

अशात मास्तरांचा हात थरथरायला लागला. दुकानात सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे बेतायचं टेबल, आणि त्यावरची मास्तरांची जड, काळी कातरी. इतकी वर्षं कापड बेतलं ते एकट्या मास्तरांनी, जावयांनी फक्त शिवायचं. ज्याच्या हातात कातरी, दुकान त्याच्या शब्दावर चालणार, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं. शाळेच्या गणवेशांचा हंगाम आला तेव्हा मास्तरांनी निळ्या कापडाचं ठाण दोघांत अर्धं अर्धं वाटून दिलं.

"या खेपेला तुम्ही बेता," ते म्हणाले. "कपडे पोरांच्या अंगावर चढू देत, चार धुणी होऊ देत. मग बघतो कातरी कुणाला द्यायची ते."

बारीकरावाला दुकानही हवं होतं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त त्याला साडूचा पडलेला चेहरा बघायचा होता. त्याने असं काही बेतलं की खडूची रेघ रेघेला चिकटली. कपड्याच्या आत, शिलाईत आणि पायाच्या दुमडीत, जादा कापड सोडायची मास्तरांची रीत होती. बारीकरावाने ती दुमड नखाएवढी केली. बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. हंगाम संपला तेव्हा त्याच्याकडे घसघशीत तुकडा उरला, साडूकडे उरल्या चिंध्या. बारीकरावाने तो तुकडा पिशव्या शिवणाऱ्या बाईला विकला, पैसे मास्तरांच्या गल्ल्यात टाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काहींना जमतं, काहींना जमत नाही." मास्तर "हूं" म्हणाले. साडू मशिनीत तेल घालत होता, तो घालतच राहिला. पडलेला चेहरा काही दिसला नाही.

पण पुढे एक दिवस उजाडला तो बारीकरावासाठी सोन्याचाच. साडू दुकानात आला आणि त्याची पँट घोट्यांच्या वर! त्याच्याकडे धड अशी एकच निळी पँट होती, गेल्या सालच्या ठाणातला उरलेला तुकडा मास्तरांकडून विकत घेऊन शिवलेली. ती आता मोजे उघडे टाकून लटकत होती.

"काय रे, नदी ओलांडून आलास का?" बारीकराव म्हणाला.

साडू हसला. "आटली, दादा."

"आटली म्हणे! शिंप्याची पँट आखूड! अरे, इतकाही हात आखडता घेऊ नये माणसाने. लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील याची सोय त्याने स्वतःच केली. येईल त्या गिऱ्हाइकाला तो डोळ्यांनी साडूचे पाय दाखवायचा. बाई आल्या तेव्हा तर मुद्दाम म्हणाला, "बघा बाई, तुमचा काटकसरी!" बाईंनाही हसू आलं. बारीकरावाला कित्येक दिवसांत इतकी गाढ झोप लागली नव्हती.

ती झोप उडवली त्याच्याच घरातल्या दोरीने. दोरीवर मुलीची शाळेची पँट वाळत होती. त्याच्या लॉटमधली, त्यानेच बेतलेली. आणि तिच्या पायांना खाली रुंद पट्टी होती, बाहेरून दुमडून फॅशनसारखी बसवलेली. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं मुळातच तशी शिवलीय. बारीकरावाने टाका बघितला आणि हात ओळखला.

"हे कुणी केलं?"

बायको कपड्यांच्या चिमट्यांशी खेळत राहिली. "भाऊजींनी. पोरगी वाढली की हो. पँट वर चढली, वर्गात मुली हसायला लागल्या. ती रडत काकांकडे गेली."

"माझ्याकडे का नाही आली?"

"आली असती. पण तुम्ही म्हणाला असता, मोजे वर ओढ."

तो तेच म्हणाला असता. म्हणूनच त्याला जास्त झोंबलं. सासूबाई घ्या, बायको घ्या, बाई घ्या. पण पोरगीसुद्धा? स्वतःच्या बापाला शिवणकाम येत असताना ही काकांकडे जाते, आणि तो काका मूग गिळून बसतो! जळफळाट करता करताच त्याच्या डोक्यात उजेड पडला. पट्टीचं कापड आलं कुठून? निळ्या कापडाचं नवं ठाण नुकतंच दुकानात आलं होतं. म्हणजे दुकानाच्या कापडावर साहेबांचा चांगुलपणा चालला होता! बारीकरावाने ओलसर पँटच दोरीवरून ओढली आणि दुकान गाठलं.

मास्तर टेबलापाशी होते, साडू मशिनीवर, आणि बाई पोलक्याचं माप द्यायला आलेल्या. साक्षीदार आयते मिळाले.

"मास्तर, हे बघा!" त्याने पँट टेबलावर आपटली. "तुमच्या धाकट्या जावयाचं दानधर्म खातं. कापड दुकानाचं, नाव त्याचं!"

साडू उठला. "दादा, राहू द्या. घरी बोलू."

"घरी का? इथेच बोलू!" आणि कुणी काही म्हणायच्या आत बारीकरावाने कातरीचं टोक घालून दोन्ही पायांच्या पट्ट्या टराटरा उसवल्या.

मास्तरांनी चष्मा चढवला. एक पट्टी उचलली, उजेडाकडे धरली, अंगठ्याने चोळली. "हे नवं कापड नाही. वापरलेलं आहे. ही बघ जुन्या घडीची रेघ." मग त्यांनी मुलीची पँट उलटी केली आणि तिची मूळची दुमड शोधली. नखाएवढी दुमड, तीही सुतं सुटलेली. "हे तू बेतलंस?"

बारीकराव पँट पुन्हा सुलटी करायला गेला, पण मास्तरांनी ती सोडली नाही.

"तेवढं कापड विकून गल्ल्यात टाकलंस, ते कुणाचं होतं रे? त्याचे पैसे पोरांच्या आईबापांनी भरले होते. पोरं वाढली की दुमड सोडायची आणि आणखी एक वर्ष काढायचं, म्हणून आपण ते आत ठेवतो." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बारीकरावाला भांडता तरी आलं असतं.

 बाई साडूच्या पायांकडे बघत होत्या. मग मास्तरांनी बघितलं. शेवटी बारीकरावानेही बघितलं. आखूड पँट, खाली उघडे मोजे, आणि तोच तो निळा रंग. एवढे दिवस ज्या पायांकडे बोट दाखवून त्याने गावाला हसवलं, ते पाय उघडे पडले होते त्याच्या पोरीसाठी.

मास्तरांनी कातरी उचलली. हात थरथरला, म्हणून दोन्ही हातांनी धरली आणि साडूपुढे केली.

साडू मागे सरकला. "मास्तर, दादा थोरले आहेत. त्यांना द्या."

हे ऐकून बारीकरावाला वाटलं, याला धरून बदडावं. दम लागलेल्या माणसाला चहा द्यावा तशी हा कातरीही देऊन मोकळा होतोय! एवढी वर्षं ज्याचा हेवा केला, त्याला एकदा तरी हावरटपणा करता येऊ नये?

"घे ती," बारीकराव ओरडला. "मला भीक नको. घे म्हणतो ना!"

साडूने कातरी घेतली. बाई माप न देताच निघून गेल्या.

टेबलावर मुलीची पँट तीन तुकड्यांत पडली होती. उद्या शाळा होती. साडूने पट्ट्यांकडे हात नेला, तसा बारीकरावाने झडप घातली. "राहू दे. पोरगी माझी आहे." तो आपल्या मशिनीवर जाऊन बसला. साडूचं कापड लावायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. त्याच्या अंगावरची पँटही निळीच होती. त्याने वाकून स्वतःच्या पायाची दुमड उलटली. नखाएवढी. ती त्याने स्वतःच बेतली होती, आणि वाचलेल्या कापडाचा रुमाल केला होता.

मग नाइलाजाने त्याने साडूच्या पट्ट्या पुढ्यात ओढल्या. बारीकराव काही असो, कारागीर होता. पट्टी सरळ करताना त्याच्या बोटांना ती जरा जाड लागली. उलटून बघितलं तर आत आणखी एक घडी होती, कच्च्या टाक्यांनी धरलेली. दोन बोटं कापड, पुढच्या वर्षासाठी.

त्याने मनातल्या मनात बेतून बघितलं, ते त्याला चांगलं येत होतं. या वर्षापुरती पट्टी करायची असती तर साडूच्या दुमडीतलं कापड पुरलं असतं. पँट जशीच्या तशी लांब राहिली असती आणि कुणी हसलं नसतं. साडूने लांबी कापली होती ती या दोन बोटांसाठी.

सवयीने बारीकरावाचा हात छोट्या कातरीकडे गेला. घडी जाड होती, कापून टाकली तर शिवण सपाट बसली असती, आणि दोन तुकडेही हाताशी आले असते. हात तसाच थांबला. समोरच्या मशिनीवर साडू मान खाली घालून बसला होता, कातरी बाजूला ठेवून. त्याच्या सुखाचा, नावाचा, कातरीचा हेवा बारीकरावाने आजवर पोटभर केला होता. पण आपली पोरगी पुढच्या वर्षी किती उंच होईल, हे तिच्या बापाच्या आधी या माणसाच्या मनात आलं होतं, आणि याच्याइतका हेवा त्याला आयुष्यात कशाचा वाटला नव्हता.

त्याने घडी होती तशी आत दुमडली, बोटाने दाबली आणि टीप मारायला घेतली.