आधी ताप की आधी सुई

शहाद्याच्या त्या गल्लीत सलाउद्दीनचाचांइतकी सरळ शिवण कुणाची नव्हती, आणि त्यांच्याइतका हेकट शिंपीही दुसरा नव्हता. उजवा पाय लहानपणी पोलिओने सुकलेला. शिलाई मशीन चालायचं ते एकट्या डाव्या पायावर. पाय सुईने गेला, हे त्यांचं ठाम मत. तीन वर्षांचे असताना अम्माने डॉक्टरकडे नेलं, त्याने सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी पाय लुळा पडला. अम्मा होती तोवर चाचांनी हे तिला ऐकवलं. ती बिचारी मान खाली घालून शर्टांना बटणं लावत राहायची.

म्हणून नात मदिहा साडेतीन महिन्यांची झाली, तरी तिला पोलिओच्या लसीची सुई द्यायची सून आफशीनची हिंमत नव्हती. पोलिओच्या रविवारी थेंब मात्र चाचांनी स्वतः पाजून आणले होते. नंतर घरोघर फिरणाऱ्या बायांनी दारावर, या घरातल्या बाळाला थेंब मिळाले याची खूण म्हणून, खडूने ‘पी’ही लिहिला होता. नर्स कामिनी दारात आली, तेव्हा चाचांनी त्याच्याकडेच बोट दाखवलं.

“पी लिखेल शे ना, ताई? मंग आखो सुई कसाले?”

“तो थेंबसना शे, चाचा. सुई दुसरी शे.”

“मन्हा पाय सुईनी खाई टाका!”

“पह्यले काय व्हयनं? ताप का सुई?”

चाचा ‘सुई’ म्हणायला गेले आणि त्यांना ताप आठवला. तीन दिवस अंग भाजत होतं. म्हणूनच तर अम्मा त्यांना कडेवर घेऊन पळाली होती. हकीकत त्यांनी शेकडो वेळा सांगितली होती. ताप दर वेळी गाळला होता.

कामिनीने काही लपवलं नाही. तो तापच पोलिओचा असणार, ती म्हणाली. अशा तापात कसलीही सुई टोचली तर पाय जायची भीती वाढते, हेही खरं. पण तेव्हा हे अम्माला कुठून कळणार? या सुईत मेलेले जंतू असतात, त्यांनी पोलिओ होत नाही. दंड दुखेल, अंग तापेल एखादा दिवस. थेंबांत मात्र दुबळे केलेले, पण जिवंत जंतू असतात. लाखो बाळांत एखाद्याला तेही बाधतात. सुई त्यापासूनही राखते, आणि थेंब रोगाचा फैलाव थांबवतात, म्हणून दोन्ही द्यायचं.

चाचांचा चेहरा उतरला. “मी कपडा उलटा शिवा, ताई,” ते म्हणाले.

अंगणवाडीत त्यांनीच मदिहाला मांडीवर धरलं. सुई टोचताच पोर किंचाळली. चाचांनी तिचा हात सोडला नाही, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सांगितल्याप्रमाणे ते अर्धा तास तिथेच बसले.

मग पोर आफशीनकडे देऊन ते काठी टेकत कब्रस्तानाकडे निघाले. ताप आधी आला होता, हे अम्माला सांगायचं होतं.