परवानगी आहे, अट एकच

विचारल्याशिवाय कुणाच्या झाडाची सावलीसुद्धा घेऊ नये, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तोही अबुधाबीच्या वाळवंटातल्या रुवैसमध्ये, जिथं सावलीचाच दुष्काळ. ते आमचे शेजारी. रिफायनरीत परमिट ऑफिसात होते. आत कुठं वेल्डिंगची एक ठिणगी पाडायची तरी आधी त्यांची सही लागायची, आणि वीस वर्षं सह्या करून ती सवय त्यांच्या हाडीमासी खिळली होती. आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्याची चार पानं हवी असली तरी दारात उभे राहून माझ्या बायकोला "घेऊ का गं?" विचारायचे, आणि ती घरात नसली तर त्या दिवशी आमटी कढीपत्त्याशिवाय खायचे. एकटेच राहायचे, वयानं आमच्याहून बरेच मोठे, म्हणून कॉलनीत सगळे त्यांना काका म्हणत. त्यासाठी परवानगी घेतली होती की नाही, ते आता आठवत नाही.

दोन हजार एकच्या सुमाराला आमच्या मराठी मंडळानं वेबसाइट काढायचं ठरवलं. मला थोडंफार जमत होतं, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी नेटवरून एक झकास गणपती उतरवून घेतला. काका चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनजवळ आले.

"हे चित्र कुणाचं?"

"गणपतीचं."

"गणपती सगळ्यांचा रे. चित्र काढलं कुणी? त्याला विचारलंस?"

माझी आठ वर्षांची मुलगी मध्येच म्हणाली, "काका, एव्हरीबडी डझ इट!"

"मग एव्हरीबडीचं परमिट दाखव, बाळा."

शेवटी तिनंच गणपती काढून दिला. काकांनी तिच्याकडून रीतसर कागद लिहून घेतला: चित्र कुठं वापरणार, किती दिवस, खाली नाव कसं. मग पेन सरसावून विचारलं, "तुझी काही अट?" ती म्हणाली, "डोन्ट कट द उंदीर." पान बसवताना माझ्या हातून नेमका उंदीरच कापला गेला. काका कामावरून तसेच, सेफ्टी बूट न काढता आमच्याकडे आले. "अट मोडली की परवानगी खलास," म्हणाले, आणि मला अख्खं पान पुन्हा बसवायला लावलं. आमचे अध्यक्ष वैतागून म्हणायचे, "हबीबी, आपली साइट बघतंय कोण?" काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "कुणी बघत नाही, म्हणून तर विचारायचं."

याच काकांना एक फोटो मनापासून हवा होता. दुबईच्या एका किराणा दुकानातून त्यांनी कॅलेंडर विकत आणलं होतं. त्याच्या मे महिन्याच्या पानावर कोकणातलं एक अंगण होतं, त्यात आमसुलं वाळत घातलेली, आणि त्यामागे एक म्हातारी तोंडभर हसत होती. "ही माझी आई," काका म्हणाले. "असं हसताना मी तिला कधी पाहिली, तेच आठवत नाही." आधी बहिणीचं लग्न, मग भाच्याचं कॉलेज, मग आणखी एकच कॉन्ट्रॅक्ट, असं करता करता गावी जाऊन त्यांना चार वर्षं झाली होती. साइटवर 'आमची गावं' असं एक पान होतं, तिथं आई दिसावी एवढीच त्यांची हौस. "मग स्कॅन करून लावू की," मी म्हणालो. "तुमचीच तर आई." काकांनी मान हलवली. "आई माझी. कागद विकत घेतला, तोही माझा. फोटो मात्र ज्यानं काढला त्याचा."

मग पत्रं सुटली. कॅलेंडर छापणाऱ्यांनी फोटोग्राफरचा पत्ता कळवला, आणि फोटोग्राफरनं पाच महिन्यांनी पुण्याहून उत्तर पाठवलं. तोवर त्या पानावर नुसती रिकामी चौकट होती. काका रोज संध्याकाळी येऊन ती रिकामी चौकट बघून जायचे. कागद हातात आला तेव्हा त्यांनी तो मलाच वाचायला लावला. फोटो जरूर लावा, खाली नाव द्या, कापू नका. आणि त्या बाईंनाही एकदा विचारा, फोटो काढताना माझं विचारायचं राहून गेलं.

शुक्रवारी काकांनी आमच्या घरून गावी फोन लावला, अर्थात आम्हाला विचारून. आईला कमी ऐकू यायचं, म्हणून दोघंही ओरडून बोलत होते आणि आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आई, तुझा फोटो इथं कम्प्युटरवर लावू?"

"लाव की. माझं काय जातंय?"

"काही अट?" काकांनी सवयीनं विचारलं.

आई म्हणाली, "आधी येऊन माझ्याशेजारी बस. मग लाव."

महिनाअखेरीला काकांनी राजीनामा दिला. एका फोटोपायी माणूस नोकरी सोडतो म्हणून कॉलनीनं कपाळावर हात मारला. पोचल्यावर त्यांचा फोन आला, "बसलोय. आता लाव." मी लावला. आईजवळ त्यांना पुढं तीन वर्षं मिळाली.

आम्ही आता दुबई मरीनात राहतो. साइट अजून मीच सांभाळतो. मागे जुन्या मंडळींचं पान केलं, तेव्हा सेफ्टी बुटांसकट माझ्या लेकीसमोर उंदीर तपासत बसलेल्या काकांचा फोटो लावावा म्हणून मी त्यांना रीतसर पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं. "परवानगी आहे. अट एकच. आधी येऊन माझ्या अंगणात बस."

काकांची फार आठवण येते. दर वर्षी मी म्हणतो, या मे महिन्यात नक्की, इन्शाल्ला, आणि दर वर्षी काहीतरी निघतं. फोटो लावून टाकला तर त्यांना कळणारही नाही, आमची साइट बघतंय कोण? पण हात धजत नाही. त्यांच्या नावाखालची चौकट रिकामीच आहे, आणि तिथं मी लिहून ठेवलंय: परवानगी मिळाली आहे, अट पुरी करायची राहिली आहे.