व्यवसाय: कबरी खोदणे

माझ्या लग्नासाठी मुलीच्या घरी जो कागद गेला, त्यावर माझा व्यवसाय 'कबरी खोदणे' असा लिहिलेला होता, आणि अक्षर माझंच होतं.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. कंपनीला जर्मन गिऱ्हाईक मिळालं होतं, म्हणून दोन वर्षं संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जात होतो. मग तीन महिने जर्मनीला पाठवणी झाली. येताना इतरांनी चॉकलेटं आणि अत्तरं आणली. मी एक जाडजूड खेळ आणला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि 'आता मी दार उघडतो' असं म्हणायचं. दार उघडलं की नाही ते फासे ठरवणार, आणि दारामागे हमखास भूत. (मी जन्मजात भित्रा. मग भुताचा खेळ का घेतला? कारण दुकानदाराने तो हातात ठेवला आणि 'नको' म्हणायची मला भीती वाटली.)

दर रविवारी सकाळी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ऑफिसातले तिघं जमायचे. गोष्ट सांगायला नितीन. खेळण्याआधी प्रत्येकाने आपल्या माणसाचा एक छापील तक्ता भरायचा, तोही जर्मनमध्ये: नाव, उंची, वजन, जन्मगाव, व्यवसाय. खाली दोन रकाने, 'भीती' आणि 'गुपित'.

"हे दोन खरे लिहायचे," नितीन म्हणाला. "नाहीतर मजा नाही."

मी आज्ञाधारक माणूस. नावसुद्धा स्वतःचंच लिहिलं, हेमंत. व्यवसाय फाशांनी दिला. भीतीच्या रकान्यात लिहिलं: पाल, गीझर, लिफ्ट, साहेबांचा फोन. जागा संपली म्हणून थांबलो. गुपितात लिहिलं: 'वर्गात तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या मुलीशी मला बोलायचं होतं. दोन वर्षांत एक शब्द बोललो नाही.' कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि विसरलो.

पुढच्याच महिन्यात आईने एका स्थळाचा फोटो पुढे केला. मुलगी नारायण पेठेतली, नाव मृदुला. फोटोत तिसरा बाक नव्हता, पण मुलगी तीच होती. मी भांडंभर पाणी प्यायलो.

"कशी वाटते?"

"हो," मी म्हणालो. प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, पण आईला पुरलं.

त्या दिवसापासून मला झोप लागेना. आजवर नकाराची भीती नव्हती, कारण मी कुणाला काही विचारलंच नव्हतं. आता विचारणं बाबांनी परस्पर उरकलं होतं, आणि हे स्थळ हातचं गेलं असतं तर मी पुन्हा आयुष्यात तोंड उघडलं नसतं.

रविवारी चार वाजता बोलावणं होतं. आई, बाबा आणि मी रिक्षातून निघालो. लकडी पुलावर बाबा सहज म्हणाले, "मुलीचंही जर्मन झालंय म्हणे. म्हणून पत्रिकेबरोबर तुझा जर्मन बायोडाटाही जोडला. छाप पडते."

"कुठला जर्मन बायोडाटा?"

"ड्रॉवरमधला. नाव, उंची, वजन, सगळं होतं की. फोटोची चौकट रिकामी होती, तिथे मी फोटो चिकटवला. खाली दोन-चार ओळी होत्या, छंद असतील."

"बाबा, रिक्षा वळवू या."

"चारची वेळ दिलीय," बाबा म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला.

दार मृदुलाच्या वडिलांनी उघडलं. आम्ही बसलो. मृदुला आणि तिची आई पोहे घेऊन आल्या. मी वर पाहिलं, तर बरोब्बर माझ्या डोक्यावर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, पाल. मी श्वास रोखून बसलो. वडिलांनी चष्मा लावला आणि माझा तक्ता काढला. त्याला टाचणीने एक मराठी कागद जोडला होता.

"मृदुलानं भाषांतर करून दिलंय," ते म्हणाले. "हेमंतराव, आपण कबरी खोदता?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. आई पोह्यांकडे.

"तो... एक खेळ आहे," मी म्हणालो.

"असेल. पूर्णवेळ आहे की ऑफिस सांभाळून?"

"रविवारी फक्त."

"म्हणजे सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरी नसणार." त्यांनी पान उलटलं. "गीझरची भीती. मग अंघोळ?"

"आई लावून देते."

"लिफ्टची भीती. हे आम्हाला सोयीचं आहे, आमच्याकडे नाहीच. पाल..." इथे ते थांबले आणि त्यांनी शांतपणे वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. पाल दोन पावलं पुढे सरकली. पुढचं मला नीट आठवत नाही. आई सांगते की मी बशीसकट सोफ्यावर उभा होतो आणि पोहे बाबांच्या मांडीवरच्या टोपीत होते.

कुणी हसलं नाही. पुण्यात अशा वेळी हसत नाहीत, लक्षात ठेवतात. आता पुढचा रकाना गुपिताचा. हा माणूस तो सर्वांसमोर वाचणार, मृदुलासमोर, तिच्या आईसमोर! मी सोफ्यावरून उतरायलाच तयार नव्हतो.

पण वडिलांनी कागदाची घडी घातली. "एवढंच आहे. मुलांना बोलायचं असेल तर बोलू द्या."

गॅलरीत मृदुला कठड्याला टेकून उभी राहिली. मी दाराजवळ. रस्त्यावर एक स्कूटर सुरू होत नव्हती, तिची किक मी मोजत होतो. सातव्या किकला मृदुला बोलली.

"शेवटचा रकाना मी घरी भाषांतर करून दिला नाही."

मी आठवी किक मोजली.

"आणि त्यात एक चूक आहे. मी दुसऱ्या बाकावर बसायचे. तिसरा तुमचा होता. दोन वर्षं माझ्या पाठीमागे पुस्तकात डोकं घालून बसलात, म्हणून बाकसुद्धा धड मोजता आला नाही." मग थोड्या हळू आवाजात म्हणाली, "आत्तापर्यंत जेवढे बायोडाटा आले, त्यात प्रत्येकाने पगार लिहिला होता. कशाला घाबरतो ते कुणीच लिहिलं नव्हतं."

"मी... पगारही लिहितो, हवा तर," मी म्हणालो. आयुष्यात तिच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

स्थळ जमलं. आता रविवारची गोष्ट मृदुला सांगते, आणि माझा कबरी खोदणारा दर वेळी पहिल्या दारालाच मरतो. घरात पाल निघाली की झाडू तीच घेते. मीही मदत करतो. स्टुलावर उभा राहून, पाल डावीकडे गेली की उजवीकडे ते मी तिला ओरडून सांगतो, पण जर्मनमध्ये. पालीला मराठी येत असलं तर काय घ्या!