पूजेतून उचललेला पाना

हे मी अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही. आईच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, म्हणून तर लिहायला धीर होतोय. चार इयत्ता शिकलेय, अक्षर बरं आहे. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो. त्या दिवशीही सुकला होता — असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आले. ते खरं का? बघू.

आमचं घर डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला. जर्मनची लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या जीपगाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक ह्यांनी घेतली. आमचे हे छावणीच्या कारखान्यात फिटर होते. जमिनीचा एक तुकडा त्या गाडीपायी गेला. सासूबाई तिला गाडी म्हणत नसत, ‘ती सवत’ म्हणत. चारही चाकांना इंजिनाचा जोर, चिखलातूनही निघायची. दसऱ्याला कल्याणच्या एका व्यापाऱ्याला मुरबाडला नेऊन आणायचं होतं. गाडी वेळेत आली-गेली तर त्याचं कायमचं काम आम्हाला. वाटेत बसली तर जमीनही गेली आणि गाडीही. ती चालवणार होते दामूभावजी, माझे धाकटे दीर. ह्यांनी तसा शब्दच दिला होता. भावजी आठ दिवस हवेत स्टेअरिंग फिरवत हिंडत होते.

पुढच्या चाकांची बेरिंगं हे घरीच, अंगणात बसवत. पाने हातात द्यायला मी. मला आवडायचं ते — हे तरी कुणाला सांगितलंय? मधली टोपी काढायची, आतली चकती काढायची, मग नट. नट आवळताना हे स्वतःशीच पुटपुटत, “आधी चाक अडेपर्यंत. मग मागं — चाक सुटेपर्यंत, पण डुगडुगेपर्यंत नाही.” मग बाहेरून पातळ वायसर, वर दुसरा नट, आणि वायसरची कड ठोकून वाकवायची. नट फार सैल राहिला तर चाक डोलतं. फार आवळला तर बेरिंग तापून जळतं, चाक अडकतं.

खंडेनवमीच्या सकाळी डावं चाक चाललं होतं. ह्यांनी नट आवळला, आणि ओटीवरून सासूबाई ओरडल्या, “आटप रं, पूजेची वेल जाते!” पाहुणेही आलेले. त्यांच्या थट्टेला उत्तर देत देत ह्यांनी वायसर घातला, वरचा नट घातला, कड ठोकली, चकती आणि टोपी बसवली. मागं घेणं राहिलं. मी बघत होते, राहिलंच.

पाने पाटावर मांडले. जॅक चाकाखालीच राहिला, त्याला तिथेच कुंकू लागलं. एकदा पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या पूजेपर्यंत उचलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. ती मोडणाऱ्याचं वर्ष वाईट जातं, आणि घराचंही — सासूबाईंचा तसा ठाम विश्वास.

चाकाला झेंडूची माळ बांधताना मी ते हळूच फिरवलं. अर्धा फेराही झाला नाही, थांबलं.

तेव्हा सांगायला हवं होतं ना? पाहुण्यांत नाही, तर हे आत पाणी प्यायला आले तेव्हा? एक वाक्य पुरलं असतं. भीती वाटली, लाज वाटली — वाटलीच. पण आज खोटं लिहायचं नाही. मला ते चाक स्वतः सोडवायचं होतं. एवढीच गोष्ट आहे, आणि तिच्याभोवती मी किती वर्षं फिरतेय.

जेवणं झाली, सगळे आडवे झाले. भावजी आपट्याची पानं आणायला गेले. मी देवापुढून पाना उचलला. छिन्नी उचलली, हातोडी उचलली. चाकाजवळ बसले, टोपी आणि चकती काढली. कड सरळ करताना आवाज होऊ नये म्हणून वर गोणपाट धरलं. बाहेरचा नट काढला, वायसर काढला, आतला नट मागं घेतला — इतकासा. चाकाला हात दिला. फिरलं, आणि फिरतच राहिलं, माळेसकट. वर-खाली धरून हलवून पाहिलं, डुगडुग नाही. अहो, काय सांगू! पाळण्यातलं मूल पहिल्यांदा खुदकन हसल्यावर आईला होतं तसं झालं मला. सगळं परत बसवलं, पाने पुसले, नवं हळदकुंकू लावलं. हात राखेनं आणि रॉकेलनं धुतले.

पण पान्याच्या खाचेत ग्रीस राहिलं होतं. संध्याकाळी दिवा लावायला गेलेल्या सासूबाईंना कुंकू काळं दिसलं.

“कोनी हात लावला रं हत्याराला?”

सकाळी बेरिंगांना ग्रीस भावजींनी भरलं होतं, ते अजून त्यांच्या नखांत होतं. ते दुपारी एकटेच बाहेर होते. झालं.

“आये, मी नाय लावला.”

“मंग काय उंदरानी लावला?”

हे म्हणाले, “दामू, खरं बोल.”

भावजींनी माझ्याकडे बघितलं. “वहिनी घरातच होती. विचारा तिला.”

आणि विचारलं त्यांनी. मला, त्या घरात कधी नव्हे ते, काहीतरी विचारलं. घसा सुकला नव्हता माझा. स्पष्ट म्हणाले, “मी चुलीपाशी होते. मला काय ठाऊक?” पदराखाली हातांना रॉकेलचा वास येत होता.

सासूबाईंनी दसऱ्याला भावजींना गाडीला शिवू दिलं नाही. गाडी हेच घेऊन गेले. भावजी ओटीवर बसून राहिले. पुढच्या महिन्यात ठाण्याला गिरणीत लागले आणि तिकडचेच झाले. ती जीप त्यांनी कधीच चालवली नाही.

तो दिवस मी दुःखात काढला, असं लिहिता आलं असतं. नाही काढला. दिवसभर कान रस्त्याकडे. सांजेला गाडी आली, काम पक्कं झालं होतं. मी तबक घेऊन ओवाळायला गेले, चाकांना कुंकू लावलं आणि उजव्या चाकाच्या टोपीवर तळहात ठेवला. कोमट. मग डाव्या, माझ्या. तीही तितकीच कोमट. भावजी मागे ओटीवर होते आणि मला आतून नाचावंसं वाटत होतं.

त्याच कामावर आमचं घर उभं राहिलं. पुढेही ह्यांचा डोळा चुकवून मी चाकं फिरवून बघत आले, लागलं तर सोडवत आले. एकही चाक वाटेत बसलं नाही.

गेल्या दिवाळीत भावजी आले. गाडी जॅकवर होती. त्यांनी डावं चाक फिरवलं, कान लावून ऐकत राहिले आणि म्हणाले, “दादा, हात काय बसलाय रे तुझा!” हे हसले. मी फराळाचं ताट घेऊन उभी होते. भावजींच्या हातात ताट दिलं, मान खाली घातली — आणि पदराआड मीही हसले.