पोत्यावर बसायचे दिवस

पंचेचाळिशीत मला दोन गोष्टी एकदमच चिकटल्या. रक्तात साखर वाढली आणि पाळी बेभरवशाची झाली. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा. पत्ता नसला की माझा जीव टांगणीला. घरात सून गरोदर. तिच्या जोडीला सासूलाही दिवस गेले असते, तर मुडबी गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

लाज एक वेळ गिळली असती. पण बसवकल्याणच्या कानडी डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं की एवढ्या साखरेत मूल राहिलं तर जिवावर बेतेल. गोळ्या? या वयात, या आजारात नकोत. तांबी? आत पू धरायची भीती. ऑपरेशन? आधी साखर उतरवा. ती मेली काही उतरेना. शेवटी त्या म्हणाल्या, मालकांना पाठवा, त्यांचं काम थोडक्यात होतं.

घरी आल्यावर मालकांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"नांगर धरनाऱ्या माणसाला बैलावानी खच्ची करायलीस व्हय?"

"मग निरोध तरी आना."

"दुकानदार आपल्या भावकीतला. नातू व्हायच्या वयात त्याला ते मागू?"

इज्जत त्यांची आणि जीव माझा, असा तो हिशेब. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी जेवले नाही.

आमच्या घरी पाळीच्या बाईने चार दिवस ओसरीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसायचं. ताट वेगळं, अंथरूण वेगळं. तिला कुणी शिवायचं नाही, नवऱ्यानेसुद्धा. त्या पोत्याला मी जन्मभर शिव्या दिल्या होत्या. तेच पोतं एका सकाळी, काहीही आलेलं नसताना, मी झटकून अंथरलं.

बेभरवशाच्या पाळीला जाब कोण विचारणार? चाराचे सहा दिवस केले, सहाचे आठ. उठले की आठवडाभराने पुन्हा बसायची. मालक धुसफुसायचे, पण जवळ यायची छाती नव्हती. मरणापेक्षा विटाळाला जास्त भिणारा माणूस. इकडे सून बाळंतपणाला माहेरी, म्हणून माझ्या म्हाताऱ्या सासूबाई वाकून वाकून सगळ्यांच्या भाकऱ्या थापायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा सातव्या दिवशी ताट सरकवताना त्या हळूच म्हणाल्या, "बस गं माय. मीबी अशीच बसायची." मला रडू फुटलं. त्यांना कसली भीती होती, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

सून माहेराहून नातू घेऊन आली, तेव्हा मला बसून दुसराच दिवस होता. उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळायचा मान माझा. तो सासूबाईंनी ओवाळला. मी कोपऱ्यातून मान उंच करून बघत होते. एवढंसं तोंड, डोक्यावर भरपूर जावळ. त्याला घ्यायला माझे हात नुसते शिवशिवत होते.

सून सरळ माझ्याकडेच आली. "घ्या की आत्याबाई. लेकराला कसला आलाय विटाळ?"

मालक दारात उभे राहून बघत होते. विटाळाला एकदा सूट दिली की ती त्यांनाही मिळणार, हे मला कळत होतं. पोरगं माझ्या मांडीपाशी आलं होतं.

"न्हाई!" मी ओरडले. "आनू नको त्याला माझ्याजवळ. मी बाहेरची हाय."